पायथनची गाडी, सी++चं इंजिन: डेस्कटॉपच्या खिडक्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यात दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण लॅपटॉप घेऊन बसतो. कुणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कुणी ऐरोलीच्या आयटी कंपनीत, एक काका वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचा हिशेब बघतात. मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी पट्टी छापणारा प्रोग्राम सांभाळतो: गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि खाली शेतकऱ्याला देय रक्कम. प्रोग्राम पायथनमध्ये आहे, त्याच्या खिडक्या मात्र क्यूट या सी++ लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) आहेत. या जोडीबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून लिहून काढले. लायब्ररीतली नावं वर्गात बोलतो तशी देवनागरीतच लिहिली आहेत.

मी तर पायथन लिहितोय. मध्येच सी++ कुठून आलं?

डोंबिवलीहून वाशीला जाणारा माणूस ठाण्याला उतरतो, पूल चढतो आणि ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतो. दोन्ही मार्गांचं वेळापत्रक वेगळं, त्यांना जोडणारा पूल एक. तुम्ही पायथनमध्ये 'बटण बनव' म्हणता तेव्हा असाच एक पूल चढला जातो. खरं बटण पलीकडे सी++ मध्ये तयार होतं आणि तुमच्या हातात त्याचं पायथनमधलं टरफल येतं. या पुलाला बाइंडिंग म्हणतात.

क्यूटचं काम नॉर्वेत हाव्हार्ड नूर्द आणि आयरिक चांबे-एंग या दोघांनी १९९१ मध्ये सुरू केलं, आणि ती लोकांसमोर आली १९९५ मध्ये. पायथनचा पूल फिल थॉम्पसन यांनी १९९८ पासून बांधला, तो पायक्यूट. हजारो फंक्शनांसाठी जोडकाम हाताने लिहिणं अशक्य, म्हणून ते लिहून देणारं 'सिप' नावाचं अवजार त्यांनीच बनवलं. दुसरा पूल पायसाइड. त्याच्या जोडकामाच्या अवजाराचं नाव शिबोकेन. आणि हो, बनवणारे 'क्यूट' म्हणतात. आपल्याकडे निम्मे लोक 'क्यूटी' म्हणतात, त्याने काही अडत नाही.

मग पायथनची स्वतःची लायब्ररी वापरू ना. टीकिंटर तर सोबतच येतं.

हा प्रश्न आला की मला मजा येते, कारण टीकिंटरही उसनंच आहे. त्यातलं टीके हे जॉन ऑस्टरहाउट यांनी टिकल या त्यांच्या भाषेसाठी केलं. तुम्ही टीकिंटर चालू करता तेव्हा पायथनच्या पोटात टिकलचा आख्खा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, बसलेला असतो आणि तुमच्या प्रत्येक बटणाची टिकलमधली आज्ञा तयार होऊन त्याला दिली जाते. डब्ल्यूएक्स-पायथन घ्या, खाली सी++. जीटीके घ्या, खाली सी.

खिडकी रंगवणं हे दिसतं तेवढं काम नाही. तीन ऑपरेटिंग सिस्टिमच्या तीन तऱ्हा, कीबोर्डच्या भाषा, छपाई, दृष्टिहीनांसाठी स्क्रीन वाचणारी साधनं, फॉन्ट. हे सगळं प्रत्येक भाषेने पुन्हा शून्यापासून करायचं म्हटलं तर माणसांची आयुष्यं जातील. म्हणून एकदा झालेलं काम पूल बांधून वापरायचं, ही रीत पडली.

सरळ सी++च का शिकू नये?

शिका की. पण गाळ्यावरचा शेठ संध्याकाळी 'उद्यापासून तोलाईचा हिशेब वेगळा' म्हणतो, तेव्हा रात्रीतून बदल करून द्यायला मला पायथनच बरं पडतं.

आणि ब्राउझरमध्ये का नाही केलंत?

गाळ्यात नेट येतं-जातं. वजनकाटा आणि पट्टीचा प्रिंटर मात्र वायरने समोरच जोडलेले आहेत. बस.

सीटाइप्स (पायथनमधून सी ची फंक्शनं बोलवायचं साधन) घेऊन क्यूटच्या डीएलएलला (विंडोजवरच्या लायब्ररीच्या फाइलला) थेट हाक मारता येत नाही का? पूल कशाला?

लायब्ररी सी मधली असती तर मारता आली असती. सी मध्ये फंक्शनचं नाव फाइलमध्ये जसंच्या तसं असतं, वाढलेला असेल तर सुरुवातीचा एक अंडरस्कोर. सी++ मध्ये एकाच नावाची पाच फंक्शनं असू शकतात, म्हणून कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) नावाला क्लास आणि आर्ग्युमेंटांचे प्रकार चिकटवून एक लांबलचक, अगम्य नाव बनवतो. बरं, हे चिकटवण्याचे नियम सगळ्या कंपायलरांचे सारखे नाहीत. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर एक नाव करतो, जीसीसी दुसरं. त्यावर व्हर्च्युअल फंक्शनं: क्यूटच्या क्लासवरून तुम्ही पायथनमध्ये क्लास काढला आणि 'पेंट-इव्हेंट' नव्याने लिहिलं, तर सी++ने तुमचं पायथन फंक्शन बोलवायला हवं. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी चढता यायला हवा. हे सीटाइप्सने हाताळणं म्हणजे डोक्यावर गोणी घेऊन सायकल चालवणं.

जीटीकेचं या बाबतीत कौतुक आहे. ती सी मध्ये आहेच, शिवाय कोणतं फंक्शन काय घेतं, काय देतं आणि दिलेल्या वस्तूची मालकी कोणाकडे जाते, याची माहिती ती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात सोबत ठेवते. त्यामुळे पायजीऑब्जेक्टसारखे पूल चालू प्रोग्राममध्येच उभे राहतात. विंडोजवर जीटीके बसवणं मात्र किचकट पडतं, आणि माझं गिऱ्हाईक विंडोजवर आहे.

पायक्यूट घेऊ की पायसाइड?

कोड जवळजवळ सारखाच लिहिला जातो. सिग्नल (काही घडलं की क्यूटमध्ये दिली जाणारी सूचना) घोषित करायचं नाव वेगळं, आणखी चार-दोन फरक. खरा फरक परवान्याचा. पायक्यूट जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. प्रोग्राम विकायचा आणि कोड बंद ठेवायचा तर पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. पायसाइड एलजीपीएल या त्याच्या सैल रूपाखाली मिळतं, त्यामुळे काही अटी पाळून बंद कोडचा प्रोग्रामही देता येतो. पायसाइड जन्मालाच मुळी या कारणाने आलं. २००८ मध्ये नोकियाने क्यूटची कंपनी घेतली, त्यांना पायथनचा पूल एलजीपीएलखाली हवा होता, ते जमलं नाही तेव्हा २००९ मध्ये त्यांनी स्वतःचा पूल काढला. आज तो क्यूट कंपनीचाच अधिकृत आहे.

मी पायसाइड वापरतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला काहीही चालेल.

खिडकी क्षणभर दिसते आणि गायब होते. एररही नाही. काय चुकलं?

वर्गात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि पूल म्हणजे काय हे यातूनच कळतं.

तुम्ही बहुधा बटणाच्या फंक्शनमध्ये दुसरी खिडकी बनवली, साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, 'शो' म्हटलं आणि फंक्शन संपलं. पायथनच्या हिशेबाने त्या वस्तूकडे आता कुणाचंच बोट नाही, म्हणून त्याने ती उचलून टाकली. टरफल गेलं, आणि मालकी पायथनकडे असल्यामुळे पलीकडची सी++ची खिडकीही त्याच्याबरोबर गेली. ती स्क्रीनवर उघडी आहे की नाही हे पायथन बघत नाही.

सी++ मध्ये असा कुणी झाडूवाला नसतो. क्यूटची पद्धत आईबाप-लेकरांची: प्रत्येक वस्तूला पालक द्यायचा, पालक गेला की लेकरं जातात. पायथनची पद्धत बोटं मोजण्याची. दोन घरांचे दोन कायदे, आणि एकच वस्तू दोन्ही घरांत नांदते. म्हणून प्रत्येक वस्तू बनवताना स्वतःला विचारा, हिचा मालक कोण? पालक दिला असेल तर क्यूट. लेआउटमधून खिडकीत गेली असेल तरी क्यूट. दोन्ही नसेल तर पायथन, आणि मग ती 'सेल्फ'वर कुठेतरी जपून ठेवणं तुमचं काम.

हाच घोळ टायमर आणि थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये शेजारी चालणारं दुसरं काम). क्यू-थ्रेड साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवला तर खिडकी नुसती गायब होत नाही, आख्खा प्रोग्राम 'थ्रेड चालू असतानाच नष्ट झाला' म्हणत कोसळतो.

आणि उलटं? 'वस्तू आधीच पुसली गेली आहे' असं येतं.

टरफल हातात, आतला दाणा गेलेला. मी यात पुरता अडकलो होतो. पट्टीच्या तक्त्यातल्या रकमेच्या खान्यांची मी बेरजेसाठी वेगळी यादी ठेवली होती. नवी पट्टी सुरू करताना तक्ता रिकामा केला. तक्त्यात टाकलेले खाने तक्त्याच्या मालकीचे होतात, त्यामुळे क्यूटने ते पुसले. माझ्या यादीत त्यांची टरफलं तशीच. पहिली पट्टी उत्तम, दुसऱ्या पट्टीला बेरीज करताना एरर. मी घरी दरवेळी एकच पट्टी करून बघत होतो, त्यामुळे हे कळलं ते पहाटे, गाड्या लागल्यावर, गाळ्यातून फोन आला तेव्हा.

तेव्हापासून आकडे पायथनच्या साध्या यादीत राहतात आणि तक्ता फक्त ते दाखवतो. हिशेब खिडकीत ठेवायचा नाही. एखादी खिडकी मुद्दाम पाडायची असेल तर 'डिलीट-लेटर' म्हणा आणि तिच्याकडचं आपलंही बोट काढा.

वजनकाट्याचं रीडिंग घेताना प्रोग्राम गोठतो. 'प्रतिसाद देत नाही' असं विंडोज म्हणतं.

'ॲप-एक्झेक' म्हटल्यावर ताबा क्यूटकडे जातो. तिथे एक चक्र अखंड फिरतं: माउस हलला का, कळ दाबली का, खिडकी पुन्हा रंगवायची आहे का. तुमचं पायथन फंक्शन याच चक्रात मध्येच बोलवलं जातं. ते काट्याच्या उत्तराची वाट बघत तीन सेकंद बसलं, तर चक्रही तीन सेकंद बसतं.

दोन उपाय आहेत. एक, क्यूटचंच सिरियल पोर्टचं साधन वापरा. डेटा आला की ते सिग्नल देतं, वाट बघायची गरजच नाही. मी शेवटी हेच केलं. काटा सिरियल पोर्टवर सतत वजन ओकत असतो, आणि एक ओळ कधी अर्धवट तुटून येते. म्हणून आलेलं सगळं साठवत जायचं आणि ओळ पूर्ण झाली की मगच वाचायचं. हे न केल्यामुळे ५२ किलोची गोणी ५ किलोची दिसायची.

दोन, वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये टाका. पण त्या थ्रेडमधून खिडकीला हात लावू नका. लेबलवर आकडा लिहायचा मोह होईल, लिहिलात तर दहादा चालेलही, आणि अकराव्यांदा प्रोग्राम कोसळेल. पायथनमध्ये जीआयएल नावाचं कुलूप आहे, एका वेळी एकच थ्रेड चालतो, मग भीती कसली, असं एकाने विचारलं होतं. जीआयएल फक्त पायथनच्या बाजूला पहारा देतं. क्यूट पलीकडे आपल्या तंद्रीत खिडकी रंगवत असते, तिला या पहाऱ्याची खबरही नसते. म्हणून थ्रेडमधून सिग्नल पाठवा. क्यूट तो रांगेत लावते आणि मुख्य थ्रेडला सवड झाली की पोचवते.

टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं तरी प्रोग्राम बंद होत नाही.

पायथन कंट्रोल-सीची नुसती नोंद घेतं आणि पुढची पायथन ओळ चालवताना त्यावर कृती करतं. क्यूटच्या चक्रात पुढची पायथन ओळ येतच नाही. दर अर्ध्या सेकंदाला एक रिकामं पायथन फंक्शन बोलवणारा टायमर लावा.

कोडमध्ये चूक झाली की प्रोग्राम निमूट बंद पडतो. एरर कुठे जाते?

पायथनची एरर सी++च्या घरातून वर चढू शकत नाही. क्यूटने बोलवलेल्या तुमच्या फंक्शनमध्ये एरर आली की पुलावरच काहीतरी निर्णय घ्यावा लागतो. पायक्यूटने ५.५ आवृत्तीपासून कडक धोरण धरलं: एरर कुणी हाताळली नाही तर प्रोग्राम तिथेच बंद. पायसाइड एरर छापतं आणि पुढे चालतं. मला दुसरं जास्त धोकादायक वाटतं. पट्टी अर्धवट भरलेली असते आणि प्रोग्राम काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभा असतो.

काळी खिडकी नसलेली एक्झे (विंडोजवर थेट चालणारी फाइल) करून दिलीत तर छापलेली एरर दिसायलाही जागा नाही. 'सिस-एक्सेप्टहूक', म्हणजे कुणी न हाताळलेली एरर जिथे पोचते ते फंक्शन, स्वतःचं लावा. एरर फाइलमध्ये लिहा, आणि गाळ्यातल्या माणसाला मराठीत एवढंच सांगा की 'पट्टी साठवली गेली नाही'.

सगळी माहिती सी++ मध्ये लिहिलेली आहे. आम्ही कशी वाचायची?

पायसाइडची स्वतःची माहितीपानं आहेत, तरी कधी ना कधी मूळ पानावर जावंच लागतं. 'कॉन्स्ट' दिसलं, सोडून द्या. 'अँड' किंवा तारा दिसला, सोडून द्या, ती वस्तूच आहे. 'क्यू-स्ट्रिंग' म्हणजे पायथनची साधी स्ट्रिंग. दोन टिंबांच्या जोडीच्या जागी एक टिंब. 'व्हॉइड' म्हणजे काही परत येत नाही.

फसवणूक होते ती एकाच ठिकाणी. सी++ मध्ये फंक्शन दुसरं उत्तर आर्ग्युमेंटमधून परत देतं, उदाहरणार्थ मजकूर विचारणाऱ्या डायलॉगमध्ये 'ओके' दाबलं का ते. पायथनमध्ये असं उत्तर बहुतेक वेळा जोडीने परत येतं: मजकूर आणि ओके. जोडी न सोडवता आख्खी नावाच्या रकान्यात टाकली की शेतकऱ्याच्या नावापुढे कंस आणि 'ट्रू' छापून येतं. हसू नका, छापून आलंय.

मराठी नीट दिसेल का?

मी क्यूटवर आलो तो याच कारणाने. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर टीके ८.६ मध्ये 'किसन' लिहिलं की पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन बसायची आणि 'श्रीगोंदा'मधला श्री फुटायचा. अक्षरं एकामागून एक मांडून देवनागरी होत नाही. त्यांची जुळणी करावी लागते. क्यूट हे काम हार्फबझ नावाच्या लायब्ररीकडून करून घेते, जीटीकेही तीच वापरते.

तरी खड्डे आहेत. पहिला खड्डा 'ऱ्ह'चा. कऱ्हाड, चऱ्होली यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याचा ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखे, पायथनला दोन वेगळ्या स्ट्रिंगा. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. एका कीबोर्डवर टाइप केलेला शेतकरी दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला की सापडत नाही आणि त्याच्या नावाने दुसरं खातं उघडलं जातं. साठवण्याआधी स्वतः एका रूपात आणा.

दुसरा खड्डा लांबीचा. 'श्रीगोंदा' आपण तीन अक्षरांत वाचतो, संगणक नऊ मोजतो. मजकुराच्या चौकटीला कमाल लांबी २० ठेवलीत तर नाव मात्रेच्या मध्यातच तुटू शकतं. बॅकस्पेसही जोडाक्षर तुकड्या-तुकड्याने खातो. ते मात्र मला आवडतं, चुकलेली एकच वेलांटी सुधारता येते.

तिसरा, उंची. इंग्रजी मजकूर बघून बटणाची उंची पक्की केलीत तर रफार आणि अनुस्वार एकत्र आले की वरून कापले जातात. उंची लेआउटवर सोडा.

फॉन्टसाठी विंडोज ८ पासून निर्मला असतो, त्याआधी मंगल. मी भरवसा न ठेवता मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' प्रोग्रामसोबतच देतो. मुक्ता पट्टीवर बारीक छापला तरी वाचता येतो.

आकडे? लाखांचे स्वल्पविराम?

पायथनचा तयार स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो, १,००,००० चं १००,००० करतो. दहा ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा. देवनागरी अंकांची एक गंमत आहे: पायथनचं 'इंट' १२३ मुकाट्याने स्वीकारतं, पण यंत्राची मांडणी इंग्रजी असेल तर क्यूटची आकड्यांची चौकट तेच अंक आत घेत नाही. मराठी लोकेल (भाषेची मांडणी) द्या किंवा साधी मजकुराची चौकट ठेवून तपासणी पायथनमध्ये करा.

पूल चढायचा म्हणजे हळू चालेल ना?

एकदा चढायला काहीच लागत नाही. प्रश्न गर्दीचा. मॉडेल-व्ह्यू पद्धतीचा (आकडे एकीकडे, दाखवणारा तक्ता दुसरीकडे) तक्ता केलात तर क्यूट प्रत्येक दिसणाऱ्या खान्यासाठी तुमच्या 'डेटा' फंक्शनला बोलावते, आणि एकदा नाही: मजकूर काय, रंग कोणता, फॉन्ट कोणता, उजवीकडे की डावीकडे, प्रत्येकाची फेरी वेगळी. त्या फंक्शनमध्ये तुम्ही डेटाबेस उघडलात तर तक्ता सरकवताना हात दुखतील. आधी सगळं मेमरीत आणा, 'डेटा'मध्ये नुसतं काढून द्या. एक-एक ओळ घालण्याऐवजी सगळ्या ओळी एकदम घाला. एकेक कांदा हातात घेऊन पूल कोणी ओलांडत नाही.

गाळ्यातला कॉम्प्युटर विंडोज ७ चा आहे.

मग क्यूट ६ विसरा, तिला विंडोज १० पासून पुढचंच चालतं. क्यूट ५.१५ आणि पायथन ३.८ घ्या, विंडोज ७ वर चालणारं ते शेवटचं पायथन. आणि शेठला नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगत राहा.

एक्झे एवढी मोठी का?

क्यूट, पायथन आणि पूल तिघंही आत असतात. पायइन्स्टॉलर या एक्झे बनवणाऱ्या अवजाराने एकाच फाइलची एक्झे न करता फोल्डर करा. ते लवकर उघडतं, अँटीव्हायरस कमी भुंकतो, आणि क्यूटच्या डीएलएल सुट्या राहिल्याने एलजीपीएलच्या अटी पाळणंही सोपं जातं. विंडोजची एक्झे विंडोजवरच बनवावी लागते. पायसाइडचा 'इसेन्शियल्स' भाग पुरत असेल तर तेवढाच घ्या.

रस्ट किंवा गो या भाषांमधून हेच करता येईल?

येतं. रस्टसाठी क्यूटचाही पूल आहे, जीटीकेचा तर चांगलाच आहे. रस्टला मालकीचे नियम तोंडपाठ असतात, त्यामुळे वरचे दोन-तीन प्रश्न तिथे कंपाइल करतानाच भांडायला येतात. पायथनमध्ये ते गाळ्यात पहाटे येतात.

पहिल्यांदा येताना काय आणू?

लॅपटॉप, चार्जर आणि एखाद्या सरकारी किंवा बँकेच्या फॉर्मवर चुकीचं छापून आलेलं घरातल्या कुणाचं किंवा गावाचं नाव. पहिल्या खिडकीत आपण तेच टाइप करतो.